कोरस : मोहिनी

गुरुवार, ८ जानेवारी १९९८

ही डायरी बेअरिंग विकणाऱ्या एका सप्लायरने दिली. सातपूरच्या कारखान्यात मी स्टोअर्सला आहे, त्यामुळे जानेवारीत आमच्याकडे डायऱ्या, कॅलेंडरं आणि किल्ल्यांच्या साखळ्यांचा सुकाळ असतो. हिच्या प्रत्येक पानाखाली एक सुविचार छापलाय. आजचा आहे ‘श्रमातच राम आहे’. उद्या आमच्या हमालांना वाचून दाखवीन म्हणतो.

लिहायचं कारण असं की यंदा स्वतःचं गाणं करायचंच. चार वर्षं झाली, आमचा ‘गिरणी’ नावाचा बॅन्ड दुसऱ्यांची गाणी वाजवतो. ड्रमवाल्या मयुरेशच्या वडिलांची पंचवटीत पिठाची गिरणी आहे. गुरुवारी ती बंद असते, तेव्हा वरच्या माळ्यावर आमची प्रॅक्टिस. गिटार पुसली की फडक्यावर बाजरीचं पीठ येतं.

मी गिटार वाजवतो आणि गातो. कीबोर्ड आणि सेकंड आवाज मोहिनी रणनवरेचा. ती शरणपूरची, चर्चच्या क्वायरमध्ये लहानपणापासून अल्टो, म्हणजे बायकांतला खालचा आवाज, म्हणते. तिचे वडील निवृत्त हेडमास्तर, क्वायरमधले बास, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज. आमच्या घरी गाणं म्हणजे एकाने गायचं आणि बाकीच्यांनी माना हलवायच्या. तिच्या घरी चौघं चार वेगळ्या चाली म्हणतात आणि गाणं एकच होतं. मला पहिल्यांदा हे ऐकून गरगरलं होतं.

आज सेकंड म्हणायला शिकवत होती. मी तिसऱ्या ओळीला घसरायचोच. म्हणाली, ‘‘यज्ञा, तू स्वतःलाच ऐकतोस. सेकंडवाल्याने स्वतःला कमी ऐकायचं, समोरच्याला जास्त.’’

मी म्हटलं, ‘‘म्हणूनच मी मेन म्हणतो.’’ हसली. ती हसली की मयुरेश उगीच झांजा पुसायला लागतो. त्याला आमचं सगळं माहीत आहे.

शनिवार, ७ फेब्रुवारी

ठरलं. पुढच्या रविवारी, १५ तारखेला, दुपारी चार वाजता मी तिच्या घरी जायचं. पप्पांना भेटायचं आणि रीतसर विचारायचं. ‘‘चार म्हणजे चार हं,’’ मोहिनी म्हणाली. ‘‘पप्पा शाळेची घंटा स्वतः द्यायचे. आणि त्यांनी कोट इस्त्रीला टाकलाय, आत्तापासून.’’

आमच्या अण्णांना अजून काहीच माहीत नाही. अण्णा रामकुंडावर तीर्थोपाध्याय. समोर यजमान आला की आधी गाव, मग आडनाव, मग आजोबांचं नाव विचारतात आणि वंशावळीची चोपडी काढतात. त्यांच्यासमोर मोहिनीचं नाव कसं काढायचं? आठ दिवस आहेत. सांगू.

शनिवार, १४ फेब्रुवारी

अण्णांना सांगितलं नाही. सकाळी सांगणार होतो तर त्यांचा गुडघा दुखत होता, संध्याकाळी सांगणार होतो तर गुडघा थांबल्यामुळे ते खुशीत होते. खुशीतल्या माणसाचा विरस कशाला करा.

उद्या तिच्या घरी जाऊन आल्यावर सांगीन. तेच बरं.

रविवार, १५ फेब्रुवारी

अण्णांकडे अचानक सुरतेचे यजमान आले. अण्णांना मदतीला हवा होतो, त्यामुळे जाता आलं नाही. फोन करायला हवा होता, पण पीसीओवर रांग होती.

संध्याकाळपासून मळमळतंय. शरणपूरच्या टपरीवरचा सोडा बाधला असावा.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

मोहिनी प्रॅक्टिसला आली. तिने विचारलं, ‘‘काय झालं होतं?’’ मी सुरतेच्या यजमानांचं सांगितलं. ‘‘बरं,’’ म्हणाली आणि कीबोर्डचं कव्हर काढलं. मनाने मोठी आहे. दुसरी असती तर आकांडतांडव केलं असतं.

पुन्हा कधी येऊ असं मी विचारणार होतो, पण मयुरेश समोर होता.

गुरुवार, ५ मार्च

मोहिनी पुण्याला चाललीय. तिथल्या एका शाळेत संगीत शिक्षिकेची जागा आहे. जूनपासून. ‘गिरणी’ सोडणार. हे सगळं तिने मला वायरी गुंडाळता गुंडाळता सांगितलं, जणू काही भाजी संपलीय.

मला एका शब्दाने विचारलं नाही! चार वर्षांचं नातं आणि निर्णय परस्पर. मी म्हटलं, ‘‘म्हणजे तू सोडून चाललीस.’’ तिने वायरीला गाठ मारली. मग म्हणाली, ‘‘हो, तसं म्हण.’’

शुक्रवार, ६ मार्च

जेवणाच्या सुटीत, गेटपासच्या पाठीवर, वीस मिनिटांत गाणं उतरलं. आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. डबा तसाच राहिला.

तू गेलीस निघून, दार उघडंच राहिलं
मी हाक मारली, तू वळून ना पाहिलं

वाचून माझेच डोळे भरून आले. हाक वगैरे मी काही मारली नव्हती, पण गाण्यात एवढं चालतं.

गुरुवार, १२ मार्च

चार कॉर्डचं गाणं आहे. ए मायनर, एफ, सी, जी. मुद्दाम जी वर सोडलंय, घरी, म्हणजे पहिल्या ए वर, परत आणायचंच नाही. ‘गेलीस’ हा शब्द तिथे अधांतरी लटकतो. मयुरेश म्हणाला, ‘‘बापरे, हे वाजणार गड्या.’’

मोहिनीने कागद वाचला. मला वाटलं होतं रडेल, निदान चिडेल. तिने फक्त विचारलं, ‘‘माझं काय आहे यात?’’ म्हणजे सेकंडचं. मी म्हटलं, माझ्या चालीला वरून समांतर जा, नेहमीसारखी.

तिने तसं केलंच नाही. एक सूर धरला, ए मायनरमधला पंचम, आणि त्यावरच उभी राहिली. खाली माझ्या कॉर्ड बदलताहेत आणि ही बाई जागची हलत नाही. पहिल्या कॉर्डला तो सूर साधाच लागतो, एफ आला की टोचतो, सीला गोड होतो, आणि शेवटच्या जी वर ना घरचा ना बाहेरचा. सूर तोच, फक्त मी हलल्यामुळे त्याचा अर्थ बदलतो.

मी वैतागून विचारलं, ‘‘अगं, तू हलत का नाहीस?’’

‘‘थांबून बघतेय,’’ ती म्हणाली.

मयुरेशने काठ्या खाली ठेवल्या आणि माझ्याकडे पाहत म्हणाला, ‘‘हे राहू दे. गाणं यामुळेच आहे.’’ मला तसं वाटत नाही, पण दोघं एका बाजूला झाल्यावर काय बोलणार. राहू दिलं.

रविवार, १९ एप्रिल

रेकॉर्डिंग झालं! नाशिक रोडला मोतीराम पगारे म्हणून आहेत, मूळचे नांदगावकडचे. घराच्या मागच्या खोलीत भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून स्टुडिओ केलाय. आठ ट्रॅकचं स्पूल मशीन. वणीच्या देवीची गाणी हा त्यांचा धंदा. चैत्राची यात्रा आटोपली की मशीन रिकामं, म्हणून आम्हाला स्वस्तात.

सगळ्यात शेवटी मोहिनीचा आवाज. मी तिला आधीच सांगितलं होतं, तुझ्या जागी नुसतं ‘आ’ म्हण, शब्द नकोत. शब्द एकाचेच ऐकू यायला हवेत. ती म्हणाली, ‘‘मला एकटीला म्हणू दे. तुम्ही दोघं बाहेर थांबा.’’ काचेतून नुसती दिसत होती, ऐकू येत नव्हती. कानावर हेडफोन, डोळे मिटलेले. ‘आ’ म्हणायला एवढे ओठ कशाला हलवायला लागतात ते मला कळलं नाही. एकाच फटक्यात ओके झालं. बाहेर आली ती थेट मोतीरामकाकांशी काहीतरी बोलली आणि रिक्षा धरून गेली. शेवटचा चहासुद्धा घेतला नाही.

मग मिक्सिंग. गाणं लावायच्या आधीच मी काकांना सांगितलं, तिला खाली घ्या. काकांनी बटण थोडं ओढलं. अजून, म्हटलं. ‘‘पोरीचा आवाज लय खाली गेला, मास्तर,’’ ते म्हणाले. ‘‘मंग ठिवायचा तरी कशाला?’’

‘‘कोरस आहे काका. कोरस असाच असतो.’’

आता ऐकलं की माझ्या आवाजामागे लांबून कुणीतरी आहे एवढंच कळतं. झकास वाटतं.

शनिवार, ३० मे

कॅसेट छापून आली. दोनशे प्रती. कव्हरवर लिहिलंय ‘शब्द, संगीत, गायन : यज्ञेश्वर. ड्रम्स : मयुरेश. कोरस : मोहिनी.’ पंचमावर थांबायची युक्ती तिची होती, ते कुठे लिहायचं म्हटलं तर कव्हरवर जागा नव्हती.

अण्णांनी चष्मा लावून कव्हर वाचलं. गावं आणि आडनावं विचारायची सवय जात नाही. ‘‘ही मोहिनी कोण? कुठल्या गावची?’’

‘‘आहे एक. येते गायला.’’

‘‘आडनाव नाही लिहिलंस ते? माणसाचं नाव अर्धवट लिहू नये.’’

परवा ती पुण्याला जाणार आहे. सोडायला जावं की नाही ठरत नाही.

सोमवार, २१ डिसेंबर

कॉलेजच्या गॅदरिंगला ‘तू गेलीस’ तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी मी गप्प राहिलो तरी चालत होतं, पोरंच म्हणत होती. शेवटी एक पोरगा स्टेजमागे येऊन माझ्या गळ्यात पडला. ‘‘दादा, माझी पण अशीच गेली. न सांगता. तुमच्यामुळे धीर आला.’’

मी त्याच्या पाठीवर थोपटलं. दुसरं काय करणार. घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही.

बुधवार, ८ नोव्हेंबर २००६

आठ वर्षांनी तीच डायरी. कोरी पानं बरीच आहेत, वरच्या छापील तारखा खोडून लिहितोय. या पानाचा सुविचार ‘केल्याने होत आहे रे’. असो.

पुण्याची एक कंपनी नव्वदच्या दशकातल्या मराठी बॅन्डांची सीडी काढतेय. त्यांना ‘तू गेलीस’ हवंय. मूळ स्पूल हवंय, आणि एक फॉर्म आहे. शब्द कुणाचे, संगीत कुणाचं, आवाज कुणाकुणाचे, प्रत्येकाची सही.

सुधा फॉर्म वाचत होती. आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली. मला बघायला आली तेव्हा या कॅसेटबद्दल तिला आधीच माहीत होतं, तिच्या भावाकडे होती. तिने होकार दिला त्यामागे हे गाणं आहे, हे ती स्वतःच चारचौघांत सांगते. असा माणूस सोडून कुणी कसं जातं, असं वाटलं म्हणे तिला.

‘‘या मोहिनीबाईची सही कशाला?’’ ती म्हणाली. ‘‘नुसतं आ-आ तर आहे. आणि खरं सांगू, मला तिचा रागच येतो. एकदा वळून बघायला काय झालं होतं तिला?’’

मी म्हटलं, कंपनीचा नियम आहे. आणि दळण आणायला बाहेर पडलो. दळण परवाच आणलं होतं.

शनिवार, ११ नोव्हेंबर

नाशिक रोडला गेलो. मोतीरामकाका थकलेत. देवीची गाणी आता पोरं कॉम्प्युटरवर करतात. पण मशीन चालू आहे. मी म्हटलं, आमचं स्पूल तुम्ही केव्हाच पुसून वापरलं असेल ना? कारण ते नेहमी तसंच करायचे, नवीन स्पूल महाग.

‘‘बाकीचे समदे पुसले,’’ काका म्हणाले. ‘‘तुमचं नाय. ती पोरगी सांगून गेली हुती ना, काका, हे तेवढं पुसू नका. मी शबुद दिला हुता.’’

स्पूल लावलं. काकांनी एकेक ट्रॅक वर करून तपासला. ड्रम, कीबोर्ड, गिटार, मी. माझा आवाज एकटा ऐकायला जरा आढ्यतेखोर वाटला. मग त्यांनी सगळे खाली केले आणि आठवा वर केला.

ती ‘आ’ म्हणतच नव्हती.

मी थांबले होते
चार वाजून गेले
चहा निवून गेला
मी थांबले होते

सगळं एका सुरावर. चढ नाही, उतार नाही, हुंदका नाही. माझा ‘गेलीस’ जिथे येतो, बरोब्बर तिथे तिचा ‘थांबले’. मी काकांना म्हटलं, परत लावा. मग पुन्हा परत लावा.

‘‘तुम्हाला म्हाईत नव्हतं?’’ काकांनी विचारलं. ‘‘मला वाटलं तुमचं दोघांचं ठरल्यालं हाय. सवालजवाबावानी. म्हनून तर म्या म्हनलं हुतं, लय खाली नका घेऊ.’’

त्यांनी मला पाणी आणून दिलं.

सोमवार, १३ नोव्हेंबर

या डायरीतलं १५ फेब्रुवारी १९९८ चं पान मी आज वाचलं. माझी डायरी, माझं कुलूप, वाचणारा मी एकटा, आणि तिथेही मी खोटं लिहिलंय. कुणाला फसवत होतो?

तर लिहितो. सुरतेचे यजमान आले होते, पण सकाळी अकराला, आणि दीडला जेवून गेले. अण्णा झोपले. मी दाढी केली, निळा शर्ट घातला आणि स्कूटर काढली. पावणेचारला शरणपूरला होतो. तिच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, पानाची टपरी होती. जरा धीर यावा म्हणून सोडा घेतला.

फाटकात रणनवरे सर उभे होते. कोट घालून, फेब्रुवारीच्या उन्हात. एकदा घड्याळ बघायचे, एकदा रस्ता. मागे मोहिनी दारात दिसली, काहीतरी म्हणाली, बहुतेक आत या असं. ते आत गेले नाहीत. मला फक्त रस्ता ओलांडायचा होता. स्कूटरसुद्धा लागत नव्हती. मी डोक्यात वाक्य जुळवत होतो, नमस्कार सर, मी यज्ञेश्वर, आणि त्याच्या पुढचं वाक्य ‘घरी विचारलंय’ हे होतं, आणि ते खोटं होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी मी स्कूटर ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली, म्हणजे आवाज होऊ नये, आणि मग किक मारली.

ही माझी मर्दुमकी. त्यावर मी गाणं केलं की ती गेली. आणि तिच्याचकडून मागे कोरस म्हणवून घेतला.

दुपारी अण्णांना सगळं सांगितलं. आता सत्तरीचे आहेत, कुंडावर जात नाहीत, ओटीवर बसून जुन्या चोपड्यांना कव्हरं घालतात. मी म्हटलं, तुम्ही नाही म्हणाल याच भीतीने मी गेलो नाही.

त्यांनी चोपडीच्या पुठ्ठ्याला खळ लावली. ‘‘विचारलं असतंस तर नाहीच म्हणालो असतो,’’ ते म्हणाले. ‘‘दोन महिने बोललोही नसतो तुझ्याशी. ते पाप माझं असतं, मी निस्तरलं असतं. पण तू विचारलंच नाहीस. न विचारता माझ्या माथी मारून मोकळा झालास.’’

संध्याकाळी सुधाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ‘‘म्हणजे मी इतकी वर्षं राग कुणाचा केला?’’ एवढंच म्हणाली. मग भाजी घेऊन आत गेली. अजून बोललेली नाही.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

मयुरेशकडे मोहिनीचा पुण्याचा नंबर होता. आठ वर्षं होता म्हणे. मी कधी मागितला नाही म्हणून त्याने दिला नाही.

फोन तिनेच उचलला. मागे मुलं सरगम घोकत होती, शिकवणी चालू असावी. मी नाव सांगितलं. ‘‘बोल,’’ म्हणाली. मी सीडीचं सांगितलं, फॉर्मचं सांगितलं, मग स्पूल ऐकल्याचं सांगितलं.

‘‘आत्ता ऐकलंस?’’

‘‘गेल्या शनिवारी.’’

‘‘अरे वा,’’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तिथेच माझा घोटाळा झाला. राग असता तर मी माफी मागितली असती आणि मोकळा झालो असतो. मी म्हटलं, मोहिनी, त्या दिवशी मी खरं तर...

‘‘ते मला नको सांगू. माझं लग्न झालंय, मुलगी आहे, माझं चांगलं चाललंय. मी सही करीन. दोन अटी आहेत. माझा आवाज तुझ्याइतका वर हवा. आणि कंपनीच्या आधी तो पप्पांना ऐकव. तू स्वतः जाऊन.’’

‘‘सरांना? कशाला?’’

‘‘कळेल तुला तिथे. रविवारी जा. ते घरीच असतात.’’ आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, ‘‘चार वाजता.’’

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

मोतीरामकाकांनी दोन्ही आवाज बरोबरीला आणून कॅसेट करून दिली. सीडीवर त्यांचा विश्वास नाही. पैसे घेतले नाहीत. ‘‘हे आठ वर्सांपूर्वीच व्हायला पायजे हुतं,’’ म्हणाले.

फॉर्म भरला. शब्द : यज्ञेश्वर आणि मोहिनी रणनवरे. संगीत : तसंच. आवाज : तसंच. अण्णांनी वाचून पाहिला आणि आडनावावर बोट ठेवून मान हलवली. लिहायला दोन मिनिटं लागली. कव्हरवर जागा नव्हती असं मी वर कुठेतरी लिहिलंय. जागा होती, मी माझं नाव मोठ्या टायपात घेतलं होतं.

रविवार, १९ नोव्हेंबर

पावणेचारला पोहोचलो. टपरी गेली, तिथे मोबाइलचं दुकान आहे. स्कूटर घराच्या फाटकाशीच लावली आणि चारपर्यंत तिथेच उभा राहिलो. मग कडी वाजवली.

रणनवरे सरांनीच दार उघडलं. अंगात स्वेटर, हातात काठी, बाकी तसेच ताठ. आत भिंतीवरचं घड्याळ ठोके देत होतं, ते चार मोजून होईपर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘या. मोहिनीने फोन केला होता.’’

त्यांनी स्वतः चहा केला. एकेक करून दोन कप आणले, मला उठू दिलं नाही. टेपरेकॉर्डर टेबलावर काढून ठेवलेला होताच, शेजारी क्वायरच्या कॅसेट, पाठीवर तारखा घातलेल्या. त्यांच्यात आमचीही होती. ‘कोरस : मोहिनी’ मला उलटं असूनही वाचता आलं. मी काही प्रस्तावना करायला गेलो तर म्हणाले, ‘‘आधी लावा.’’

लावली. सर डोळे मिटून बसले. माझी पहिली ओळ आली, मग तिचा आवाज, माझ्या बरोबरीने, स्वच्छ. ‘मी थांबले होते’ ऐकताच त्यांनी डोळे उघडले आणि टेपरेकॉर्डरकडे बघत राहिले, जणू काही तो बोलला. ‘चार वाजून गेले’ला त्यांची काठी घसरून पडली. मी उचलली. त्यांनी घेतली नाही.

गाणं संपलं. मी बटण दाबलं.

‘‘हे तेव्हाचंच आहे?’’ त्यांनी विचारलं. ‘‘आत्ता नवीन नाही ना म्हटलं तिने?’’

‘‘नाही सर. एप्रिल अठ्ठ्याण्णव. त्याच रेकॉर्डिंगचं. मी तिचा आवाज खाली करायला लावला होता.’’

‘‘क्वायरच्या मुलांनी ही कॅसेट आणून दिली होती मला. मी ऐकली आणि फार संतापलो. तुमच्यावर नाही. तुमच्यावर संतापून काय उपयोग. तिच्यावर.’’ ते सावकाश बोलत होते, वर्गात बोलावं तसं. ‘‘मी तिला विचारलं, ज्या माणसाने आपल्याला फाटकात उभं केलं, त्याच्या खोट्या गाण्यामागे आ-आ करत उभं राहायला तुला लाज नाही वाटली? ती काहीच बोलली नाही. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. नंतर मी तो विषय काढला नाही, तिनेही नाही. पण माझ्या मनात राहिलं ते. माझी मुलगी एवढी मिंधी कशी, असं मी आठ वर्षं मनात धरून बसलो.’’

मला वाटलं होतं, मी फक्त तिचं आडनाव आणि तिचे शब्द गाळले. मी म्हटलं, ‘‘सर, त्या दिवशी मी आलो होतो. समोर टपरीपर्यंत. तुम्ही मला दिसत होतात.’’

‘‘मला माहीत आहे.’’

मी कप टेबलावर ठेवला.

‘‘निळा शर्ट,’’ सर म्हणाले. ‘‘गल्लीत नवा माणूस, सोडा हातात, पाच-पाच मिनिटांनी भांग पाडतोय. हेडमास्तर होतो मी. वर्गाबाहेर घुटमळणारी मुलं आयुष्यभर पाहिली. आत बोलवावं लागतं त्यांना, ओरडून चालत नाही. मी बोलावणारच होतो, तेवढ्यात तुम्ही स्कूटर ढकलत निघालात. मोहिनीला मी हे सांगितलं नाही. तो आलाच नाही, हे तिला जड गेलं असतं. येऊन गेला, हे त्याहून जड गेलं असतं.’’

माफ करा म्हणालो असेन, आठवत नाही. त्यांनी ते ऐकलं की नाही तेही कळलं नाही. त्यांनी कॅसेट स्वतः मागे घेतली, अंदाजाने, आणि पुन्हा लावली.

या वेळी तिचा सूर सुरू झाल्यावर ते खालून म्हणायला लागले. शब्द नाहीत, नुसता खर्ज. म्हाताऱ्या छातीतून येणारा, पण सुरात पक्का. तिचा आवाज वर एका जागी थांबलेला आणि बापाचा आवाज तिच्याखाली हळूहळू हलणारा. माझ्या चार कॉर्ड त्यांनी एकदाच ऐकून अचूक धरल्या होत्या. शेवटच्या जी वर, जिथे मी गाणं लटकत सोडलं होतं, तिथून ते आणखी एक पायरी चढले आणि ए वर येऊन टेकले. गाणं घरी आलं. तिचा सूर वर होता तिथेच होता, आणि आता साधा, बरोबर लागत होता.

माझे डोळे वाहत होते. दुसरं कडवं आलं तसा मी नकळत माझी ओळ गुणगुणायला लागलो, सवयीने.

सरांनी माझ्याकडे न बघता हात वर केला, क्वायरला थांबवतात तसा.

‘‘तुम्ही नका म्हणू,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही ऐका.’’

मग पुढचं कडवं मी ऐकत बसलो.